सोडायचा, तर धरायचा कशाला?

हॉलमधल्या फरशीवर जुनी चादर अंथरून मी सगळं सामान मांडलंय. चार तुकड्यांत मोडणारा नऊ फुटी रॉड, एक रीळ, एक जास्तीचं रीळ, रबराच्या तळव्याचे बूट, वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, पोलराइज्ड गॉगल, मळकट हिरवे दोन शर्ट आणि तीन छोट्या डब्यांत मिळून दीडेकशे माश्या. खऱ्या नव्हेत. पिसं, केस आणि तांब्याची तार गुंडाळून केलेल्या. त्यांना 'फ्लाय' म्हणतात, आणि त्यांनी मासे धरण्याला फ्लाय फिशिंग. मराठीत सांगायचं तर माशीने मासा धरायचा.

विमान परवा रात्री आहे. मुंबई, सिंगापूर, क्राइस्टचर्च आणि तिथून खाली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचं दक्षिण टोक, साउथलंड. सहा दिवस, सोबत गाइड. दोन वर्षं साठवलेले पैसे यात चाललेत.

आजी दिवाणावर बसून हे सगळं बघत होती. ती मालवणजवळच्या खाडीकाठची. आजोबा रात्री होडी घेऊन गरवायला जायचे, सुंगटं लावून काळुंदर आणि तांबोशी काढायचे. त्यामुळे माझ्या सामानात तिला रस होता. तिने एक माशी उचलून नखावर ठेवली, बारकाईने पाहिली आणि विचारलं, "थयचो मासो केवढो आसता?"

"दोन किलो. कधी तीनही."

"मगे हाडतलंस कसो?"

"आणायचा नसतो आजी. धरायचा आणि सोडून द्यायचा."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मी चेष्टा करतेय का हे ती पाहत असावी. मग म्हणाली, "सोडूचो आसात, तर धरूचो कित्याक?"

मी हसले. काहीतरी उत्तर दिलं, "स्पोर्ट असतो गं" असं काहीसं. पण त्याला आता चार तास झालेत, आजी झोपली आहे, आणि चादरीवरची एकही वस्तू अजून बॅगेत गेलेली नाही.

*

आधी मी इथवर कशी पोचले ते सांगते. कंपनीने मला दीड वर्ष डेन्व्हरला पाठवलं होतं. टीममधला एक साठीकडे झुकलेला सहकारी शनिवारी डोंगरातल्या नद्यांवर जायचा. एकदा मी सोबत गेले. मासा काही मिळाला नाही, पण ते दोरी फेकणं डोक्यातून जाईना.

साध्या गळाला वजन असतं ते आमिषाचं किंवा शिशाचं. ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. इथे उलटं. माशीला वजनच नसतं, त्यामुळे ती फेकताच येत नाही. वजन दोरीला असतं. ती दोरी हवेत मागे उलगडायची, पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे न्यायची. ते थांबणं जमलं नाही की सगळा गुंता. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला एका सेकंदाचं थांबणं शिकायला दोन महिने लागतात, हे मला तिथे कळलं.

आता तो सहकारी निवृत्त झालाय. ही त्याची निवृत्तीची ट्रिप, आणि गाइडच्या खर्चात अर्धी भागीदार म्हणून त्याने मला विचारलं. मी तासाभरात हो म्हणाले.

गाइडने एक यादी पाठवली आहे. ती वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की ही यादी सामानाची असली तरी प्रत्येक ओळीत एक नियम दडलेला आहे. आणि प्रत्येक नियमामागे कुणीतरी आधी केलेली चूक.

उदाहरणार्थ, बूट. नदीतल्या गुळगुळीत दगडांवर पाय घसरू नये म्हणून पूर्वी बुटांना फेल्टचे, म्हणजे नमद्याचे तळवे असायचे. २००४ मध्ये साउथलंडमधल्याच वायाउ नदीत डिडिमो नावाचं एक सूक्ष्म शैवाल सापडलं. ते वाढलं की नदीचा तळ तपकिरी, ओल्या लोकरीसारख्या थराने झाकून जातो. दिसतं अगदी शेंबडासारखं, इंग्रजीत त्याचं टोपणनावही तेच आहे. पाण्याचा एक थेंबसुद्धा ते एका नदीतून दुसऱ्या नदीत नेऊ शकतो, आणि नमदा तर थेंब जपूनच ठेवतो. म्हणून २००८ पासून तिथे फेल्टच्या तळव्यांना बंदी आहे. वापरलेले बूट नेत असाल तर ते धुतलेले, पूर्ण वाळलेले हवेत, आणि विमानतळावर तसं सांगावं लागतं. माझे बूट गेले दोन आठवडे गच्चीत उन्हात आहेत. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, कुणी वारलं का म्हणून.

दुसरी ओळ: सगळे गळ बिनकाट्याचे हवेत. गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो, तो आत गेला की बाहेर येताना मांस फाडतो. तो पकडीने दाबून सपाट करायचा. म्हणजे मासा निसटायची शक्यता वाढते, पण गळ सहज निघतो. गेले तीन दिवस रात्री जेवण झाल्यावर मी एकेक माशी घेऊन तिचा काटा दाबतेय. बारीक टक असा आवाज होतो.

तिसरी ओळ: शेवटचा धागा फार बारीक नको. या धाग्याला टिपेट म्हणतात आणि त्याची जाडी उलट्या क्रमाने मोजतात. ५एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटर, ३एक्स म्हणजे ०.२०. बारीक धागा माशाला दिसत नाही, म्हणून मासा जास्त लागतो. पण बारीक धाग्यावर मासा ओढता येत नाही, तो दमेपर्यंत खेळवत राहावं लागतं. जाड धाग्यावर मासे कमी लागतात, पण लागलेला मासा लवकर जाळीत येतो आणि लवकर सुटतो. म्हणजे माझा फायदा आणि माशाचा फायदा यांत ०.०५ मिलिमीटरचं अंतर आहे, आणि दुकानात उभं राहून निवड मला करायची आहे. मी ३एक्स घेतला.

इतके नियम पाहिले की वाटतं, हे लोक माशांची किती काळजी घेतात. आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, एवढी काळजी आहे तर जाऊच नका.

*

आता एक कबुली. ही मी आजवर कुणाला दिलेली नाही.

डेन्व्हरला असताना जुलैमध्ये एकदा मी एकटीच नदीवर गेले होते. दुपारचे तीन वाजलेले, कडक ऊन, पाणी उथळ. पायांना ते कोमट लागत होतं. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या आसपास गेलं की त्याला त्रास व्हायला लागतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. हे मी वाचलेलं होतं. पण थर्मामीटर जवळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो जवळ नकोच होता. आकडा माहीत नसला की थांबावं लागत नाही.

एक मोठा रेनबो ट्राउट लागला. तोवरचा माझा सगळ्यात मोठा. बारीक धागा, त्यामुळे दहा मिनिटं झुंज. हातात आल्यावर मी फोन काढला. एका हाताने मासा, एका हाताने फोन. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात माझे डोळे मिटलेले. तिसरा छान आला. मग मी त्याला पाण्यात ठेवला. तो क्षणभर उभा राहिला, हळूच एका कुशीवर कलंडला आणि पांढरं पोट वर करून प्रवाहाबरोबर निघून गेला. मी मागे धावले, पण पुढे पाणी खोल होतं.

फोटो मी टाकला. खाली लिहिलं, 'पकडला आणि सोडला'. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. दोनशे चौदा लाइक्स आले. एका मित्राने लिहिलं, 'किती छान, सोडून दिलास!'

नंतर शोधलं तेव्हा १९९२ चा एक कॅनेडियन प्रयोग सापडला. रेनबो ट्राउट पूर्ण दमेपर्यंत पळवले आणि मग काहींना हवेत धरलं. नुसते दमवलेले बारा टक्के मेले. दमवून तीस सेकंद हवेत ठेवलेले अडतीस टक्के. साठ सेकंद ठेवलेले बहात्तर टक्के. हे प्रयोगशाळेतले, शरीरात नळ्या बसवलेले मासे होते, त्यामुळे नदीतल्या माशांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण माझे तीन फोटो किती सेकंदांचे होते ते मला आठवतं.

तेव्हा 'सोडून दिला' हे वाक्य मी आता सहज बोलू शकत नाही. सोडणं ही माझी कृती आहे. जगणं ही माशाची. दोन्हींच्या मधे काय होतं ते पाण्याखाली होतं आणि फोटोत येत नाही.

*

आजीच्या प्रश्नाला उत्तरं नाहीत असं नाही. फ्लाय फिशिंग करणाऱ्यांची तीन उत्तरं ठरलेली आहेत आणि तिन्ही मी कधी ना कधी दिलेली आहेत.

पहिलं: माशाला वेदना होत नाहीत. यामागे अगदीच भाबडेपणा नाही. जेम्स रोझ या शास्त्रज्ञाने २००२ मध्ये मांडलं की वेदनेची जाणीव व्हायला मेंदूचा जो भाग लागतो, तो निओकॉर्टेक्स माशाला नाहीच. गळ लागल्यावरची धडपड ही प्रतिक्षिप्त क्रिया, दुःख नव्हे. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन यांच्या गटाने ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि अ‍ॅसेटिक आम्ल टोचून पाहिलं. मासे डोलू लागले, आम्ल टोचलेले काही मासे ओठ तळातल्या खड्यांवर घासू लागले, आणि पुन्हा खायला लागायला त्यांना बराच जास्त वेळ लागला. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. ओठ. गळ नेमका तिथेच लागतो.

हा वाद अजून मिटलेला नाही. पण न मिटलेल्या वादात आपण कुठल्या बाजूला झुकतो ते बघण्यासारखं असतं. ऑफिसात एखादा सर्व्हर कुणी वापरतंय की नाही याची खात्री नसेल तर आम्ही तो बंद करत नाही. कारण चूक झाली तर एका बाजूला थोडं वीजबिल आणि दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी अख्खं काम. इथेही तेच. मासा दुखत असूनही मी 'नाही' धरलं तर किंमत त्याची. दुखत नसूनही 'हो' धरलं तर माझा एक छंद गेला. रोझ बरोबर असावेत असं मला वाटत होतं, त्याचं कारण त्यांचा युक्तिवाद नव्हता. माझा रॉड होता.

दुसरं उत्तर: गळ टाकणारेच नद्या वाचवतात. हे बऱ्याच अंशी खरं आहे. न्यूझीलंडमध्ये मासेमारीच्या परवान्याचा पैसा नद्यांच्या देखभालीत जातो. ज्या माताउरा नदीवर मी जाणार, तिला १९९७ मध्ये संरक्षणाचा खास आदेश मिळाला, आणि तिथली मासेमारी हे ती जपण्याचं एक कारण म्हणून त्यात नोंदलेलं आहे. नदीत तासन्‌तास उभं राहणाऱ्याला पाणी बिघडलेलं सगळ्यात आधी कळतं.

पण नदी जपायला गळ लागतोच का? महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीचा डोह. त्यात महासीर आहेत, हातभर लांब, आणि लोक त्यांना चुरमुरे घालतात. कुणी धरत नाही. मी कॉलेजात असताना तिथे गेले होते. मासे पायांपाशी येतात. त्यांना वाचवायला कुणाला त्यांच्याशी झुंजावं लागलेलं नाही. हां, तिथे एक डोहच वाचतो आणि त्याच्या वरचं-खालचं पाणी देवीच्या हद्दीबाहेर राहतं, हेही खरं. तरी एवढं कळतं की दुसरं उत्तर परवाना काढण्याचं समर्थन करतं, गळ टाकण्याचं नाही. मी परवान्याचे पैसे भरून काठावर बसले तरी नदीला तितकंच मिळेल.

तिसरं उत्तर उलट प्रश्न आहे: तुम्ही मासे खाता ना? खाते. रविवारी ॲपवरून सुरमई मागवते. ती जाळ्यात किती वेळ होती, बर्फावर किती वेळ तडफडली, हे मी कधी विचारलेलं नाही. त्या माशाला कुणी तीस सेकंदांचा नियम लावत नाही. आणि पुण्यात, माझ्या पगारात, सुरमई ही गरज नाही. तीही जिभेची हौसच.

हे उत्तर मला सगळ्यात जास्त बोचतं, पण त्याने मी सुटत नाही. एका ताटातली हिंसा दुसऱ्या ताटातली हिंसा धुवून काढत नाही. फार तर एवढं होतं की नदीवर जे मला दिसतं ते मला ताटात दिसत नव्हतं, हे कळतं.

*

गंमत म्हणजे युरोपातले दोन देश आजीच्या बाजूने आहेत. स्वित्झर्लंडमध्ये सोडायच्याच इराद्याने मासा धरायला २००८ च्या नियमांपासून मनाई आहे. जर्मनीत प्राण्याला वेदना द्यायची तर त्याला सयुक्तिक कारण लागतं, आणि नुसती मजा हे तसं कारण मानलं जात नाही. खायचा असेल तर धरा. आजीचं वाक्य, फक्त कलमांत बसवलेलं.

यात एक गाठ आहे. मी दिवसात चार मासे धरून चारही सोडले आणि त्यातला एक मेला, तर एक जीव गेला. स्विस पद्धतीने चार धरून चारही खाल्ले तर चार गेले. आकडे माझ्या बाजूने आहेत. तरीही आजीच्या प्रश्नात काहीतरी आहे जे आकड्यांनी हलत नाही. तिला माशाच्या मरणाबद्दल अडचण नव्हती. आजोबांनी हजारो मारले असतील. तिला अडचण होती ती माशाच्या भीतीचा, त्याच्या जिवाच्या आकांताचा कुणी खेळ करावा, याची. आजोबांना मासा झुंजला तर वैताग यायचा, कारण मासा सुटायची भीती. मला मासा झुंजला की आनंद होतो. रीळ किंचाळायला लागतं तेव्हा माझ्या छातीत जे होतं, तेच तर मी दोन वर्षांची बचत देऊन विकत घेतलंय.

हे लिहायला मला जड जातंय. पण माझं सुख दोरीच्या उलगडण्यात आहे, डोंगरात आहे, थंड पाण्यात आहे असं म्हणणं म्हणजे निम्मं सांगणं. उरलेलं निम्मं माशाच्या धडपडीत आहे.

*

आणि नदीत फक्त मी आणि मासा नाही.

ट्राउट हा न्यूझीलंडचा मासाच नाही. तोही कुणीतरी बॅगेत भरून नेलेला आहे. १८६४ मध्ये 'नॉरफोक' नावाच्या जहाजातून इंग्लंडहून टास्मानियाला माशांची अंडी नेली गेली, बर्फाच्या कोठीत, ओल्या मॉसमध्ये ठेवून. तीन महिन्यांचा प्रवास. त्यातून वाढलेल्या ब्राउन ट्राउटची अंडी १८६७ मध्ये न्यूझीलंडला पोचली. घरच्यासारखी नदी, घरच्यासारखी मासेमारी हवी म्हणून.

तिथल्या नद्यांत गॅलॅक्सिड नावाचे लहान देशी मासे होते, आजही आहेत. ट्राउट त्यांना खातो, त्यांची जागा घेतो. उपोकोरोरो नावाचा एक मासा तर संपलाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर तो जवळपास दिसला नाही. जंगलतोड आणि इतर कारणंही होती, पण संशयितांत ट्राउट आहे. उपोकोरोरोला कायद्याचं संरक्षण मिळालं ते तो संपून गेल्यावर. तोच देश बाहेरून आणलेले उंदीर आणि स्टोट २०५० पर्यंत नाहीसे करायचे म्हणून मोहीम चालवतो, आणि बाहेरून आणलेल्या ट्राउटला मात्र कायद्याने जपतो. ट्राउट विकायलाही तिथे बंदी आहे. हॉटेलच्या मेन्यूवर तो मिळत नाही. खायचा तर स्वतः धरायचा किंवा धरणाऱ्याच्या घरी जेवायला जायचं.

म्हणजे मी ट्राउटला अलगद पाण्यात सोडते, तेव्हा त्या दगडाआडच्या बोटभर गॅलॅक्सिडच्या दृष्टीने मी कोण? दयेचाही एक पत्ता असतो. मी माझी दया त्या जिवाला देते जो मोठा आहे, देखणा आहे आणि फोटोत चांगला दिसतो.

या माश्यांच्या डब्यातही असंच आहे. यातली 'फेझंट टेल' ही माशी फ्रँक सॉयर या इंग्लिश नदीरक्षकाने घडवली, फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, बाकी काही नाही. 'ॲडम्स' १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बांधली गेली, कोंबड्याच्या पिसांची. दुकानातल्या माश्या पुष्कळदा केनियातल्या कारागिरांनी हाताने बांधलेल्या असतात. आणि जुन्या सॅमन माश्यांत एक पीस हमखास असायचं, काळ्यावर मेण सांडल्यासारखे ठिपके असलेलं. ते आपल्या सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेचं. महाबळेश्वरला पहाटे ज्याची बांग ऐकू येते तो. आता हा पक्षी आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे. पण या पिसांचं वेड असं की २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली, माश्या बांधायला. त्यातली काही आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेली होती. इतकं करून त्या माश्या बहुतेक वेळा पाण्यात जातच नाहीत, चौकटीत जातात.

हा सगळा हिशोब मांडला की कुठलाच हात स्वच्छ राहत नाही. पण 'कुणाचाच स्वच्छ नाही' इथे थांबणं मला पटत नाही. ते फार सोयीचं आहे. त्याने सगळे सारखे दोषी होतात, म्हणजे कुणालाच काही करावं लागत नाही.

*

रात्रीचा एक वाजलाय. मी एक प्रयोग केला.

फ्लाय फिशिंग करणाऱ्यांत फार थोडे लोक गळाचं टोकच कापून टाकतात. नुसता काटा नव्हे, वाकलेला सगळा भाग. माशी पाण्यावर पडते, मासा खालून येतो, तोंडात घेतो, खोटी आहे हे कळल्यावर थुंकतो आणि जातो. तुम्हाला दिसतं की तो फसला. एवढंच. झुंज नाही, जाळी नाही, फोटो नाही.

मी डब्यातून एक चांगली ॲडम्स काढली आणि कापायची पक्कड गळाला लावली. आणि हात थांबला. मी स्वतःला विचारलं, सहाही दिवस फक्त अशाच माश्या मिळाल्या असत्या तर तू दोन वर्षांचे पैसे घातले असतेस का?

नसते घातले.

आजीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. आवडतं म्हणून. दुसऱ्या जिवाला माझ्या दोरीवर धरून ठेवायला मला आवडतं म्हणून. बाकीची तीनही उत्तरं मी नंतर शोधलेली आहेत. हे उत्तर चांगलं नाही, पण ते माझं आहे, आणि यापुढे काय करायचं ते या उत्तरापासून ठरवावं लागेल. दुसऱ्या कुठल्या उत्तरापासून ठरवलं तर मी पुन्हा तीन फोटो काढीन.

मग मी ती ॲडम्स कापली. तशा आणखी अकरा कापल्या आणि तिसऱ्या डब्यात ठेवल्या.

यादीत एक वस्तू ऐच्छिक म्हणून होती. वीतभर लांबीचा, जड टोकाचा लाकडी दांडका. त्याला 'प्रीस्ट' म्हणतात, पाद्री, कारण तो अखेरचा संस्कार करतो. मासा खायला ठेवायचा असेल तर डोक्यावर एकच नेमका घाव, म्हणजे तो तडफडत नाही. माझा सहकारी कधीच नेत नाही. त्याच्या मते तो सोबत असणंच असभ्य. मीही घेणार नव्हते. आता घेतला. जिथे ठेवायची परवानगी आहे तिथे, सहा दिवसांतून एकदा, मी धरलेला एक मासा मी मारणार आहे, स्वतःच्या हाताने, आणि खाणार आहे. तो मोठा असावा असं काही नाही. जे मी आजवर जाळीवाल्यांकडून, बर्फाकडून, ॲपकडून करून घेतलं ते एकदा हाताला कळू दे. त्यानंतर मला ही सुरमई मागवता येईल का, हा रॉड पुन्हा उचलता येईल का, ते तेव्हा बघू. आत्ता ठरवलं तर ते खुर्चीत बसून ठरवलेलं असेल.

बाकी दिवशी दिवसाला एकच मासा गळावर. तो सुटला की दिवसभर बिनटोकाच्या माश्या. गाइडला हे विचित्र वाटेल, पैसे वाया घालवतेय असंही वाटेल. त्याला आधीच ईमेल करायला हवा. दुपारी पाणी तापलं तर थांबायचं, म्हणून थर्मामीटर वेडर्सच्या बाहेरच्या खिशात, डोळ्यांसमोर राहील असा. आणि फोन गाडीत.

हे नियम पुरेसे आहेत असा माझा दावा नाही. चौथ्या दिवशी समोर तीन किलोचा ब्राउन ट्राउट उभा असेल आणि माझा त्या दिवसाचा मासा होऊन गेलेला असेल, तेव्हा मी कुठला डबा उघडीन हे मला आत्ता खात्रीने सांगता येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. ज्यांचं पोट त्या समुद्रावर आहे ते लोक दोन महिने थांबू शकतात, तर हौसेने गेलेल्या मला एक दुपार थांबता यायला हवं. न आल्यास तेही लिहीन.

*

सकाळी आजी उठली तेव्हा बॅग भरून दाराशी होती. तिने कागदाची एक पुडी माझ्या हातात ठेवली. तिरफळं आणि आमसुलं.

"काल तू म्हणालीस ना, सोडायचा कशाला म्हणून. एक खाणार आहे मी."

"म्हायत आसा," ती म्हणाली. "म्हणान तर दिलंय."

तिला हे कसं माहीत, मी विचारलं नाही. पुडी बॅगेत ठेवली, मग बाहेर काढली. न्यूझीलंडला उतरताना सोबत काय काय आहे ते लिहून द्यावं लागतं: खाद्यपदार्थ, पिसं, नदीत वापरलेले बूट. लपवलं आणि सापडलं तर जागच्या जागी चारशे डॉलरचा दंड. सांगितलं तर बहुतेक वेळा नुसतं तपासतात आणि जाऊ देतात, फार तर एखादी वस्तू काढून घेतात.

मी पुडीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत नाव लिहिलं आणि ती सगळ्यात वर, पटकन दाखवता येईल अशी ठेवली. शेजारी प्रीस्ट, आणि टोकं कापलेल्या बारा माश्यांचा डबा.